चेहऱ्याचे आचके आणि ध्वनीची नजर

डोळा लवू लागला की घरातील वडीलधारी माणसे आधी विचारतात, "कोणता? उजवा की डावा?" पुरुषाचा उजवा डोळा लवणे शुभ आणि स्त्रीचा डावा, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. कालिदासाच्या शाकुंतल नाटकात दुष्यंताच्या दरबारी उभ्या असलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, आणि आता काहीतरी अशुभ घडणार हे प्रेक्षकांना कळून चुकते.

शकुनाची ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. डोळा लवतो म्हणजे नेमके काय होते? पापणीच्या स्नायूतील थोडेसे तंतू आपल्या इच्छेवाचून आखडतात आणि सैल पडतात. अपुरी झोप, थकवा, डोळ्यांवरचा ताण, चहा-कॉफीचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे. परीक्षेच्या दिवसांत तुमचा डोळा लवला असेल, तर त्याचा संबंध निकालाशी नसून जागरणाशी आहे! आपल्याला ही हालचाल फार मोठी वाटते, पण समोरच्या माणसाला ती बहुधा दिसतही नाही. चार दिवस पुरेशी झोप मिळाली की ती आपोआप थांबते.

पण काही माणसांची पापणी थांबतच नाही. महिने जातात, वर्षे जातात. पापणीचा आचका हळूहळू गालावर उतरतो, मग ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. चेहऱ्याची एकच बाजू, डावी किंवा उजवी, पुन्हा पुन्हा खेचली जाते आणि डोळा घट्ट मिटतो. झोपेतही हे आचके चालू राहतात. या विकाराला वैद्यकात 'हेमिफेशियल स्पाझम', म्हणजे अर्ध्या चेहऱ्याचे आचके, असे म्हणतात. लाखात सुमारे दहा माणसांना तो असतो. बहुधा तो मध्यम वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

जिवाला त्यापासून धोका नाही. मग एवढी चिंता कशाची? पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाटे जाऊन पाहा. रात्रभर फळाभाजीच्या गाड्या येत असतात आणि उजाडण्यापूर्वीच खरेदी-विक्रीला तोंड फुटते. अडते, तोलणार, हमाल, शेतकरी, किरकोळ विक्रेते अशी एकच गर्दी उसळते. बाजारात शब्दाइतकीच खुणेलाही किंमत असते. कोणी बोट वर करतो, कोणी मान हलवतो, कोणी डोळ्याने इशारा देतो. पूर्वी तर रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवण्याची चाल बाजारांतून होती. ती मोडून सर्वांच्या देखत उघड लिलाव व्हावा, असे पुढे बाजाराचे नियम झाले.

आता समजा, अशा लिलावात उभ्या असलेल्या एखाद्या अडत्याचा डावा डोळा दर मिनिटाला मिटतो आहे. शेतकऱ्याला वाटेल, याने कोणाला तरी इशारा केला. भाजी घ्यायला आलेल्या बाईला वाटेल, हा डोळा मारतो. डोक्यावर पोते घेऊन चालणाऱ्या हमालाला हा विकार झाला, तर एका डोळ्यापुढचा रस्ताच मधूनमधून नाहीसा होईल. चेहरा हा माणसाचा दाखला असतो. तोच आपल्या ताब्यात राहिला नाही, तर माणूस लोकांत मिसळायचे टाळू लागतो.

हे आचके कोठून येतात आणि ते थांबवण्यासाठी डॉक्टर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीची मदत कशी घेतात, ते आता पाहू.

पाच बोटांचा मज्जातंतू

आपल्या मेंदूच्या तळाशी बारा जोड मज्जातंतू निघतात. त्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याची. डाव्या चेहऱ्याला एक आणि उजव्याला एक. कवटीच्या हाडातील एका वाकड्यातिकड्या बोगद्यातून वाट काढीत हा मज्जातंतू कानाच्या पाळीमागे, खालच्या अंगाला एका लहानशा छिद्रातून बाहेर पडतो. तेथून तो कानापुढील लाळग्रंथीत शिरतो. गालगुंड झाले की सुजते तीच ही ग्रंथी. तिच्या आतच त्याला फांद्या फुटतात. मुख्य फांद्या पाच.

या फांद्या कशा पसरल्या आहेत हे लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती आहे. तळहाताचे मनगटाकडील टोक कानाच्या पाळीखाली टेकवा आणि पाचही बोटे फाकवून गालावर पसरा. एक बोट कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक गालाकडे, एक हनुवटीकडे आणि एक गळ्याकडे. जवळजवळ अशीच त्या पाच फांद्यांची दिशा असते.

आता आरशापुढे उभे राहून एकेक फांदी तपासून पाहा. भुवया वर चढवून कपाळाला आठ्या घाला : पहिली फांदी. डोळे घट्ट मिटा : दुसरी. गाल फुगवा, शीळ घाला : तिसरी. खालचा ओठ खाली ओढून खालचे दात दाखवा : चौथी. गळ्याची कातडी ताणा : पाचवी. डॉक्टरसुद्धा चेहऱ्याचा मज्जातंतू तपासताना जवळजवळ हेच करायला सांगतात.

मात्र घास चावताना गालात जो टणक स्नायू हाताला लागतो, तो या मज्जातंतूच्या अखत्यारीत येत नाही. चावण्याचे स्नायू पाचव्या जोडीकडे असतात. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

मज्जातंतू म्हणजे एकच तार नव्हे. चेहऱ्याच्या मज्जातंतूची जाडी सुमारे २ मि.मी., पण त्यात हजारो सूक्ष्म तंतू एकत्र बांधलेले असतात. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे यांतील बहुतेक तंतूंवर मेदयुक्त वेष्टन असते. संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो असे धरले, तर मेंदूच्या तळापासून पापणीपर्यंतचे सुमारे १२ सें.मी. अंतर तोडायला त्याला किती वेळ लागेल? गणित करून पाहा. उत्तर येते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम अडीच पट!

बिघाड कोठे आहे?

१८७५ साली शुल्ट्झ या जर्मन डॉक्टरने अर्ध्या चेहऱ्याचे आचके येणाऱ्या एका रोग्याचे मरणोत्तर विच्छेदन केले. मेंदूच्या तळाशी असलेली एक रोहिणी फुगून तिचा फुगा नेमका चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाबला गेला होता. त्या वेळी हे एक आश्चर्य म्हणून नोंदले गेले. पुढे अनेक रोग्यांत असेच काहीसे दिसून आले. बहुतेकांच्या बाबतीत फुगा नसतो. एखादी साधी रोहिणी वळण घेऊन मज्जातंतूच्या मुळाशी टेकलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती त्यावर टकटक करीत राहते. वर्षानुवर्षे असे झाले की तेथील वेष्टन झिजते. वेष्टन गेलेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पापणीसाठी निघालेला संदेश गालाच्या तंतूंतही उडी मारतो, आणि मेंदूने हुकूम न देताच स्नायू आखडतात.

पण चेहऱ्याचा प्रत्येक आचका याच कारणाने येत नाही. फेफऱ्याच्या, म्हणजे अपस्माराच्या, काही प्रकारांत फक्त चेहऱ्याचे किंवा ओठाच्या एका कोपऱ्याचे आचके येतात. तेथे मज्जातंतू धडधाकट असतो. बिघाड मेंदूच्या पृष्ठभागावर, जेथून हुकूम सुटतात तेथे असतो. तिसरा प्रकार धनुर्वाताचा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजका खिळा पायात घुसला, जखम अस्वच्छ राहिली, तर ते आत वाढून विष तयार करतात. त्यात पहिल्यांदा बहुधा जबडा आखडतो आणि चेहऱ्यावर विचित्र, ताठरलेले हसू उमटते. हा आजार जीवघेणा असतो, आणि तो टाळण्यासाठी स्वस्त व खात्रीची लस आहे. पुण्यातच हडपसरला १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या पहिल्या उत्पादनांत धनुर्वातावरील औषध होते.

म्हणून डॉक्टर आधी विचारतात, बिघाड मेंदूत आहे, मज्जातंतूत आहे, की अंगात भिनलेल्या विषात? आचका दिसायला सारखा, पण उपाय निराळा.

फाटक बंद!

आता उपायाकडे वळू. मार्केट यार्डातून माल शहरभर जातो तो फाटकांतून. फाटक तासभर बंद ठेवले, तर आत गोंधळ चालू असला तरी बाहेरच्या रस्त्यावर गाडी दिसणार नाही. मज्जातंतूचेही असे फाटक बंद करता येते. यालाच 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. आपण त्याला मज्जातंतू-रोध म्हणू.

हे फाटक कसले असते? मज्जातंतूच्या पातळ पडद्यात अतिसूक्ष्म दारे असतात. संदेश येतो तेव्हा ही दारे क्रमाक्रमाने उघडतात, बाहेरचे सोडियमचे भारित कण आत घुसतात आणि विजेची लाट पुढे सरकते. दात काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यातील लिग्नोकेन हे औषध पडद्यातून आत झिरपते आणि ही दारे आतल्या बाजूने अडवते. दारे उघडली नाहीत की लाट तेथेच विरते. तास-दोन तासांनी औषध रक्ताबरोबर वाहून जाते आणि वाहतूक पूर्ववत सुरू होते. मज्जातंतूला इजा होत नाही.

या विद्येची सुरुवात डोळ्यापासूनच झाली. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या द्रावणाचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवले. कोकेन घातक आणि व्यसन लावणारे. त्यामुळे अधिक सुरक्षित औषधांचा शोध चालू राहिला. लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन याने तयार केले.

चेहऱ्याच्या मज्जातंतूचा रोध मात्र आचक्यांसाठी जन्मला नाही. तो जन्मला मोतीबिंदूसाठी. शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याने घाबरून पापण्या आवळल्या, तर उघड्या डोळ्यावर दाब येऊन आतला द्राव बाहेर पडण्याची भीती असे. म्हणून व्हान लिंट या डॉक्टरने १९१४ साली डोळ्याच्या कडेला इंजेक्शन देऊन पापण्यांचे स्नायू तात्पुरते लुळे करण्याची रीत सांगितली. पुढे ओब्रायन याने कानापुढे, जबड्याच्या सांध्याजवळ सुई देण्याची रीत काढली. आपल्या आजी-आजोबांपैकी कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीने, टाके घालून झाली असेल, तर त्यांना कानापुढे दिलेले ते इंजेक्शन आठवत असेल. पुढे डोळ्याला अगदी लहान छेद घेऊन शस्त्रक्रिया होऊ लागल्या, बधिर करण्याच्या रीती सुधारल्या, आणि या इंजेक्शनाची गरज कमी झाली.

चाचपडणारी सुई

१९६३ साली नॅडबाथ आणि रेहमान या डॉक्टरांनी आणखी एक रीत सुचवली. फांद्या शोधत बसण्यापेक्षा मज्जातंतू कवटीतून जेथे बाहेर पडतो, तेथे कानामागेच औषध द्यायचे. खोडच अडवले की पाचही फांद्या शांत! कल्पना सुरेख, पण जागा अवघड. तेथून जवळच मानेतील मोठी नीला आणि मोठी रोहिणी जाते. गिळण्याचे आणि स्वरयंत्राचे मज्जातंतूही शेजारीच. औषध थोडे खोल गेले, तर रोग्याचा आवाज घोगरा होई, गिळता येईना, कधी श्वासालाही त्रास होई.

भुसार बाजारात व्यापारी पोत्यात एक पोकळ, टोकदार सळई खुपसतो आणि आतील धान्याचा नमुना बाहेर काढतो. पोत्यात सगळीकडे धान्यच, सळई कोठेही गेली तरी बिघडत नाही. पण त्याच पोत्यात काचेच्या चार नळ्या दडवल्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाच सळईचे टोक नेऊन भिडवायचे आहे, इतर तिघींना धक्काही लागता कामा नये, असे कोणी सांगितले तर? आतले दिसल्यावाचून ते कसे साधावे? डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न होता. हाडांच्या खुणा बोटांनी चाचपून ते अंदाजाने सुई घालीत. पण प्रत्येकाचे शरीर पुस्तकातल्या चित्रासारखे नसते.

टिचकीपासून स्फटिकापर्यंत

फळबाजारात जाणते गिऱ्हाईक कलिंगडावर टिचकी मारून कान देते. आवाजावरून आतला गर कसा आहे, हे त्याला कापल्यावाचून कळते. १७६१ साली व्हिएन्नातील ऑएनब्रुगर या डॉक्टरने रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आजार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची खाणावळ होती; पिंपांवर ठोकून ती किती भरली आहेत हे पाहण्याच्या सवयीतून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. ध्वनीने शरीराच्या आत डोकावण्याची ही सुरुवात.

मग साधा ध्वनी वापरून मज्जातंतू का दिसू नये? याचे उत्तर तरंगलांबीत आहे. मऊ पेशींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. आपल्या कानाला जास्तीत जास्त २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. भागाकार करा. या ध्वनीची शरीरातील तरंगलांबी ७.७ सें.मी. येते. २ मि.मी. जाडीच्या तंतूची माहिती इतक्या लांब तरंगाला कशी द्यावी? हाताला बॉक्सिंगचे मोजे घालून मोहरीचे दाणे मोजण्यासारखेच ते झाले. पण कंपने सेकंदाला १ कोटी २० लाख केली, तर तरंगलांबी मि.मी.च्या एक-अष्टमांशाहून किंचितच जास्त राहते. अशा तरंगाला मज्जातंतूची कड जाणवू शकते. कानाच्या आवाक्यापलीकडच्या या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

तो निर्माण करायचा कसा? १८८० साली पियरे आणि जाक क्युरी या भावांना आढळले, की काही स्फटिक दाबले असता त्यांच्यावर विद्युत्भार निर्माण होतो. उलट, त्यांना वीज दिली की ते आकार बदलतात, हेही लवकरच सिद्ध झाले. म्हणजे एकच स्फटिक बोलतोही आणि ऐकतोही! पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या शास्त्रज्ञाने अशा स्फटिकांच्या साह्याने पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्याचे प्रयोग केले. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर पोटातील गाठींची आणि गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. सोनोग्राफी या नावाने आज आपल्याला ठाऊक असलेली तपासणी ती हीच. १९७८ साली ला ग्रान्ज याने खांद्याजवळ सुई देताना रक्तवाहिनीची जागा ध्वनीने शोधली, आणि १९९४ साली व्हिएन्नातील काप्राल आणि सहकाऱ्यांनी सुई व औषध प्रत्यक्ष पडद्यावर पाहत तेथील मज्जातंतूंचा रोध केला. भूलतज्ज्ञांना नवी नजर मिळाली.

पडद्यावर काय दिसते?

कानापुढे व कानाखाली प्रथम थंडगार जेली लावतात. ती कशासाठी? यंत्राचा हातात धरायचा भाग आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तर जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच परत फिरतो. जेली ती हवा घालवते.

मग स्फटिक ध्वनीचे लहान ठोके सोडतात. दोन निराळ्या पेशींच्या सीमेवर काही ध्वनी परावर्तित होतो. प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला यावरून खोली कळते. दीड सें.मी. खोलीवरून ध्वनी जाऊन परत यायला, म्हणजे ३ सें.मी. प्रवासाला, सेकंदाचा सुमारे पन्नास-हजारावा भाग लागतो. असे असंख्य प्रतिध्वनी जुळवून यंत्र सेकंदाला अनेक चित्रे काढते, आणि आपल्याला हलते चित्र दिसते.

हाड पांढऱ्या रेघेसारखे दिसते व तिच्यामागे काळी सावली पडते. लाळग्रंथी एकसारख्या करड्या रंगाची. रक्तवाहिन्या काळ्या वर्तुळांसारख्या. रोहिणी ठोके देते, तर नीला हलक्या दाबानेही चपटी होते. चेहऱ्याचा मज्जातंतू मात्र इतका बारीक आणि ग्रंथीत इतका लपलेला, की अनेकदा तो स्वतः दिसतच नाही. अशा वेळी डॉक्टर त्याचे शेजारी ओळखतात. अनोळखी गल्लीत घर सापडत नसेल, तर आपण "पिठाच्या गिरणीसमोर, दवाखान्याच्या अलीकडे" असे विचारतो ना, तसेच.

सुई ध्वनीच्या पट्ट्यातच धरली की ती चकाकत्या रेघेसारखी पुढे सरकताना दिसते. टोक योग्य जागी पोचले की एक-दोन मि.लि. औषध देतात. ते काळ्या डबक्यासारखे पसरताना पडद्यावर दिसते. जागा चुकते आहे असे वाटले, तर तेथेच थांबता येते. थोड्याच वेळात कपाळ, पापणी, गाल, ओठ शांत होतात. सुई रक्तवाहिनी चुकवून जाते, औषध थोडे पुरते आणि ते शेजारच्या मज्जातंतूंपर्यंत पसरण्याचा संभव कमी होतो. धोका अजिबात उरत नाही असे नाही, पण चाचपडणे संपते.

अशीच दृष्टी ठेवून पाचव्या जोडीच्या खालच्या फांदीलाही औषध देता येते. आखडलेला जबडा सैल करून तोंड उघडायचे असेल, तेव्हा ती रीत कामी येते. वर सांगितलेला पाचव्या आणि सातव्या जोडीतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो.

थांबणे आणि बरे होणे

एक गोष्ट विसरू नये. फाटक बंद केले म्हणून आतला गोंधळ मिटला असे होत नाही. रोध केल्याने आचका थांबतो, पण त्या काही तासांत चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. ओठ एका बाजूला ओघळतो. डोळा मिटत नाही; त्यामुळे बुबुळ कोरडे पडू नये म्हणून डोळ्यात थेंब घालून तो झाकून ठेवावा लागतो. औषध उतरले की आचके परत येतात. बिघाडाचे मूळ पापणीत नसून मज्जातंतूच्या वाटेवर कोठेतरी वर आहे, हे मात्र त्यातून कळते. चेहरा स्थिर राहणे आवश्यक असेल, त्या वेळेपुरती उसंतही मिळते.

अधिक काळ आराम हवा असेल, तर बोट्युलिनम हे विष अत्यंत अल्प प्रमाणात स्नायूत टोचतात. धनुर्वाताच्या विषाचे हे जणू भावंडच. पण एक स्नायू आखडवते, तर दुसरे सैल करते. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते औषध म्हणून वापरात आणले, आणि १९८९ साली तेथे त्याला मान्यता मिळाली. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते. मुळावर घाव घालायचा तर शस्त्रक्रिया करावी लागते. कानामागे कवटीला लहान छिद्र पाडून टकटक करणारी रोहिणी बाजूला सारतात आणि ती व मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनची लहानशी गादी ठेवतात. ही शस्त्रक्रिया अमेरिकेतील पीटर जानेटा यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. दहांपैकी आठ-नऊ रोग्यांना तिचा गुण येतो, पण मेंदूजवळचे काम असल्याने ऐकू न येण्यासारखे धोकेही असतात. तीन महिन्यांची सुई की एकदाच मोठी शस्त्रक्रिया, हे रोगी आणि डॉक्टर मिळून ठरवतात.

अपस्मारात तर रोधाने फसगतच होण्याची भीती. ओठ हलायचा थांबेल, पण मेंदूतील वादळ चालूच राहील. आग लागली असताना नुसती घंटा बंद केल्यासारखे ते होईल. तेथे मेंदूवर काम करणारी औषधेच हवीत.

यंत्राबद्दल एक शेवटची माहिती. ध्वनीच्या याच नजरेचा उपयोग गर्भातील मुलीला हुडकून तिला जन्मापूर्वीच संपवण्यासाठी होऊ लागला, तेव्हा त्याला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली संसदेने देशभरासाठी कायदा केला. म्हणून मज्जातंतू शोधण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात त्या यंत्राचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते.

तुम्ही काय कराल?

बाजारात, बसमध्ये किंवा वर्गात कोणाचा चेहरा असा खेचला जाताना दिसला, तर हसू नका आणि नक्कलही करू नका. घरातील कोणाचा अर्धा चेहरा आठवडेच्या आठवडे उडत असेल, तर शकुन पाहत बसू नका. मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवायला सांगा. चेहरा अचानक एका बाजूला ओघळला, किंवा जखमेनंतर जबडा आखडू लागला, तर क्षणाचाही उशीर न करता इस्पितळ गाठावे.

आचके चेहऱ्यावरून अंगभर पसरले आणि माणूस बेशुद्ध पडला, तर त्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर सारा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा आणि त्याला हलकेच कुशीवर वळवा. मग घड्याळाकडे पाहा. पाच मिनिटांत आचके थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर येण्याआधीच पुन्हा सुरू झाले, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आचके किती वेळ टिकले आणि चेहऱ्याच्या कोणत्या बाजूने सुरू झाले, हे आठवणीने डॉक्टरांना सांगा. बिघाड कोठे आहे हे शोधायला तुमची ही दोन वाक्येही त्यांच्या उपयोगी पडतील.